केळ्याची पिन आणि पाऊण इंच

तर झालं असं, की गेल्या शनिवारी नव्या स्पीकरच्या वायरी जोडायला बसलो. वायरीच्या टोकांना बनाना पिना लावून झाल्या होत्या, पण अँप्लिफायरच्या मागच्या भोकांत लाल-काळी प्लॅस्टिकची बुचं घट्ट बसवलेली! स्क्रू-ड्रायव्हर शोधत होतो तेवढ्यात चार वर्षांचा भाचा वायरीचं टोक घेऊन थेट भिंतीवरच्या बोर्डाकडे निघाला. ताई ओरडली म्हणून थांबला.

आणि ती बुचं कशासाठी असतात ते तेव्हा डोक्यात शिरलं.

ही 4 मिमीची पिन मधे फुगीर, स्प्रिंगसारखी दबणारी, म्हणून नाव बनाना. जर्मनीत शोधाचं श्रेय रिचर्ड हिर्शमनला देतात, अमेरिकेत ती जनरल रेडिओ कंपनीने आणली. साल दोन्हीकडे 1924. जनरल रेडिओ मोजमापाची उपकरणं बनवायची. त्यांच्या जोडपिनेत दोन पिनांमधलं अंतर पाऊण इंच, म्हणजे 19 मिमी. प्रयोगशाळेतलं हे माप पुढे घरच्या अँप्लिफायरवर येऊन बसलं.

अमेरिकेत याने कुणाचं काही बिघडलं नाही. तिथल्या विजेच्या सॉकेटमध्ये चपट्या फटी, त्याही अर्ध्या इंचावर. पण युरोपातल्या सॉकेटची भोकं गोल, आणि अंतर? 19 मिमी! आपल्या 5-6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्येही तेच (आपलं डिझाईन जुन्या ब्रिटिश मापाचं). पिन तिथे सैल बसते, पण 230 व्होल्टना तेवढं पुरतं. एक टोक आत गेलं की दुसऱ्या टोकाची उघडी पिन जिवंत. युरोपच्या सुरक्षा नियमांनी म्हणूनच ही भोकं बुजवायला लावली.

स्टेजवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ते टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेला पाव इंची जॅक स्पीकरला वापरायचे, जो आत सरकवताना क्षणभर शॉर्ट होऊ शकतो. 1987 मध्ये न्यूट्रिकने स्पीकॉन काढला: धातूला बोट लागत नाही, फिरवला की लॉक. घरगुती अँपवर मात्र तो क्वचितच दिसतो.

आणि आवाज? अडीच एमएमची तांब्याची वायर, पाच मीटर, जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण 0.07 ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे एक टक्काही नाही. जोड घट्ट असेल तर टोकाला सोन्याचा मुलामा असो की नुसती तार, कानाला कळायचं नाही. फक्त टोकाला सोल्डर फासून स्क्रूखाली दाबू नका. दाबाने सोल्डर हळूहळू पसरतं आणि जोड सैल होतो. आणि एकही केस बाहेर राहता कामा नये, नाहीतर शॉर्ट होऊन अँप जातो.

बनाना पिन ओढली की निघते, हाच तिचा गुण नि हाच दोष. मी पिना कापून टाकल्या, तारा पिळून दोन्हीकडे स्क्रूखाली आवळल्या. बुचं तशीच ठेवलीयेत, भाचा जरा मोठा होईपर्यंत.