साडेतीनशे कोटींतले एकशे ऐंशी : बाबासाहेब निवडणुकीआधी देशाच्या संरक्षणावर काय बोलले?

निवडणूक जवळ आली की आमच्या महाड-पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवरसुद्धा पाकिस्तानवर चर्चा सुरू होते. एरवी तिथे गाडी कधी लागणार आणि घाटात दरड आहे की नाही, एवढेच विषय असतात. २०१९ मध्ये १४ फेब्रुवारीला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. २६ फेब्रुवारीला बालाकोटवर हवाई हल्ला झाला. ९ एप्रिलला लातूर जिल्ह्यातल्या औसा येथे पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांना विचारले की तुमचे पहिले मत बालाकोटच्या वीर जवानांना समर्पित होऊ शकते का. २३ एप्रिलला आमच्या रायगड मतदारसंघात मतदान होते. प्रचारात सैन्याचा वापर करू नका, असे निवडणूक आयोगाने मार्चमध्येच सगळ्या पक्षांना बजावले होते. तरी औशाच्या भाषणाला आयोगाने क्लीन चिट दिली. आयुक्त अशोक लवासा यांचे मत वेगळे होते, पण ते अल्पमतात गेले.

त्या दिवसांत ज्याने प्रश्न विचारला तो देशद्रोही ठरला. त्याला उत्तर म्हणून आपल्या बाजूचे लोक काय म्हणाले? "देशाच्या सुरक्षेवर राजकारण करू नका." हे उत्तर आम्हाला मान्य नाही. सुरक्षेवर राजकारण करू नका म्हणजे सुरक्षेवर बोलण्याचा मक्ता सत्तेवर बसलेल्याला देऊन टाका, असाच त्याचा अर्थ निघतो. आणि बाबासाहेबांनी तर ऐन निवडणुकीच्या तोंडावर नेमके ह्याच विषयावर राजकारण केले होते. उघड, आकड्यांसकट केले होते. ते आज ना संघवाले पुरते सांगतात, ना आपण.

पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २७ सप्टेंबरला, बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. संसदेत निवेदन वाचायला उभे राहण्याआधी त्याची प्रत द्या, अशी अट उपसभापती अनंतशयनम अय्यंगार यांनी घातली. बाबासाहेबांनी ती धुडकावली, सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिले. हे निवेदन आपल्याला हिंदू कोड बिलासाठी पाठ आहे. पण त्यात परराष्ट्र धोरणावर एक मोठा भाग आहे, तो आपल्या व्याख्यानांत येतच नाही.

त्या भागात बाबासाहेबांनी साधा हिशेब मांडला. सरकारचे वर्षाचे उत्पन्न साडेतीनशे कोटी. त्यातले एकशे ऐंशी कोटी सैन्यावर. म्हणजे रुपयातले आठ आण्यांपेक्षा जास्त. का? तर आपल्या परराष्ट्र धोरणाने आपल्याला कोणी मित्र ठेवला नाही, सगळा बोजा एकट्याने उचलायचा. भूक भागवायला, कारखाने काढायला मग राहते काय? दुसरा मुद्दा काश्मीरचा. त्यांनी स्पष्ट सांगितले की हा प्रश्न फाळणीनेच सुटेल. हिंदू आणि बौद्धांचा भाग भारताकडे, मुसलमानांचा भाग तिथल्या लोकांच्या इच्छेप्रमाणे. हवे तर तीन तुकडे धरा, युद्धबंदी रेषेपलीकडचा भाग, खोरे आणि जम्मू-लडाख, आणि सार्वमत फक्त खोऱ्यात घ्या. सगळ्या राज्यात एकत्र सार्वमत घेतले तर जम्मूतले हिंदू आणि लडाखमधले बौद्ध मनाविरुद्ध पाकिस्तानात ओढले जातील, ही त्यांची भीती होती. पूर्व बंगालमधल्या हिंदूंचे हाल आपण विसरलो, हेही त्यांनी सुनावले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जाहीरनामा आला. त्यातही तेच. चीनला संयुक्त राष्ट्रांत कायमची जागा मिळावी म्हणून भारताने कशाला झुंजावे, स्वतःच्या जागेसाठी का नाही, हा सवाल त्यात आहे. शिक्षणाला, पाण्याला पैसा कुठून आणणार, ह्याचेही उत्तर आहे: सैन्याचा खर्च कमी करा, दारूबंदी उठवा. मते मागायला निघालेला पक्ष हे छापून देतो! कुठला सल्लागार आज कुठल्या पक्षाला हे करू देईल?

आता संघवाल्यांकडे वळू. त्यांच्या व्हॉट्सॲपवर 'काश्मीर आणि आंबेडकर' वर्षभर फिरत असतो. शेख अब्दुल्लांना बाबासाहेबांनी ३७० बद्दल सुनावल्याचे एक लांबलचक वाक्य त्यात असते. ते बाबासाहेबांच्या लेखनात आणि भाषणांत कुठेही सापडत नाही. जे सापडते ते मात्र हे लोक सांगत नाहीत. सैन्याचा खर्च कमी करा, हे सापडते. खोऱ्यातल्या लोकांना विचारा, हे सापडते. आणि त्याच जाहीरनाम्यात, हिंदू महासभा आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांसारख्या प्रतिगामी पक्षांशी युती करणार नाही, हेही काळ्यावर पांढरे आहे. कम्युनिस्टांशीही नाही, हे आपल्यातल्या काहींना टोचते, टोचू द्या.

आणि आपली बाजू? आपण हा सगळा अध्याय झाकून ठेवतो, कारण 'काश्मीरची फाळणी' हे शब्द उच्चारायला आज भीती वाटते. मग झाकलेल्या जागेत दुसरे लोक बनावट वाक्ये पेरतात. दोष निम्मा आपला आहे.

बाबासाहेबांवर एक आक्षेप त्या वेळीही घेता आला असता: चार वर्षे मंत्रिमंडळात होतात तेव्हा बोलला नाहीत, निवडणूक आल्यावर कसे आठवले? आक्षेप खोटा नाही. हिंदू कोड बिल पार पडावे म्हणून थांबलो, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पण परराष्ट्र धोरणावरचा हा विचार निवडणुकीपुरता उगवलेला नव्हता. १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये त्यांनी सैन्यात कुठल्या प्रांताचे, कुठल्या जमातीचे किती शिपाई, सरहद्दीवर खर्च किती, ह्याचे तक्ते दिले आहेत आणि सुरक्षित सरहद्दीपेक्षा भरवशाचे सैन्य महत्त्वाचे, असा निष्कर्ष काढला आहे.

शिपाई कोण आणि भरवसा कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या घरातला होता, आणि आमच्या महाडचाही. मंडणगडच्या आंबडवे गावचे रामजी सकपाळ सुभेदार होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर हवालदार म्हणून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. पुढच्या काही वर्षांत 'लढवय्या जाती'चे थोतांड काढून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा उघडा म्हणून अर्ज तयार करणारे वलंगकरच. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तशी १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध सरताच मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज लागली, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. धोका आला की आमचा बाप लढवय्या, धोका टळला की अस्पृश्य.

मार्च १९२७ च्या महाड परिषदेतल्या भाषणात बाबासाहेबांनी ह्याच भरतीबंदीने कोकणातला समाज कसा मागे गेला, ते सांगितले. मंडपात सुभेदार सवादकरांसारखे पेन्शनर बसले होते. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर गावात हूल उठवली गेली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. कोणी घुसणार नव्हते. पण 'धर्म धोक्यात' एवढी एक आरोळी पुरली, आणि परत निघालेल्या, भाकरी खात असलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्यांच्यात बंदुका चालवलेले लोक होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले म्हणून ते आवरले. धोका कोणापासून कोणाला होता, हे महाडच्या माणसाला सांगायला नको.

हूल उठवून काम साधायची ही रीत एकट्या महाडची नाही. अमेरिकेत १९६० ला केनेडींनी रशिया क्षेपणास्त्रांत आपल्यापुढे गेला अशी ओरड करून प्रचार केला. प्रत्यक्षात अमेरिकाच पुढे होती. २००४ ला तर व्हिएतनाममध्ये लढून पदके मिळवलेल्या जॉन केरींच्या शौर्यावरच जाहिरातींतून चिखल उडवला गेला, आणि निवडून आले ते बुश, ज्यांनी ती वर्षे टेक्ससच्या नॅशनल गार्डमध्ये काढली होती. पेन्शनर बापाच्या नातवाला आज देशभक्तीचा दाखला मागतात, तेव्हा आम्हाला केरी आठवतो.

पुढचे थोडक्यात. जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी बाबासाहेबांना चौदा हजारांहून अधिक मतांनी पाडले. फेडरेशनचे लोकसभेत दोनच गेले, त्यातले एक सोलापूरचे पां. ना. राजभोज. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेब नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर तुटून पडले आणि पुन्हा हरले. पण हरल्यावर विषय सोडला नाही, आणि आम्हाला हे सगळ्यात महत्त्वाचे वाटते. मतासाठी काढलेला विषय मतमोजणीच्या संध्याकाळी संपतो. २६ ऑगस्ट १९५४ ला, म्हणजे भंडाऱ्यानंतर तीन-चार महिन्यांनी, समोर कुठलीही निवडणूक नसताना ते राज्यसभेत उभे राहिले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनशी झालेल्या पंचशील करारावर बोलले. पंचशील बुद्धाचे आहे, माओचा त्यावर विश्वास असता तर त्याने स्वतःच्या देशातल्या बौद्धांना तसे वागवले नसते. ल्हासावर चीनचा ताबा मान्य करून आपण त्याची हद्द आपल्या दाराशी आणली, हा त्यांचा मुद्दा होता. ऑक्टोबर १९६२ पाहायला ते राहिले नाहीत.

त्यांचा पहिला हिशेब मात्र अजून चालू आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल दोन एस.टी. बससकट वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. ही माणसे कुठल्या शत्रूने मारली? ह्यांच्या संरक्षणाचे कलम कुठल्या अंदाजपत्रकात आहे? पुढच्या प्रचारात कोणी पोलादपूरच्या चौकात सरहद्दीवर बोलायला उभा राहिला तर त्याला आम्ही 'राजकारण करू नका' म्हणणार नाही. बोला म्हणू. रुपयातले किती आणे तिकडे आणि किती आणे ह्या डोंगराखाली, तेवढे आधी सांगा.