जोगेश्वरीचा ज्वालामुखी विझला, पण डोंगर अजून हलतोय

टीव्हीवर परदेशातल्या एखाद्या ज्वालामुखीचा व्हिडिओ आला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "आपल्या मुंबईत असं होऊ शकतं का हो?" सरळ उत्तर देतो. घाबरू नका. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावरचा, आणि तिथे वस्ती नाही. पण विषय इथे संपत नाही. आपल्या पायाखालचा खडक ज्वालामुखीनेच घडवलाय आणि त्याचा हिशेब दर पावसाळ्यात चुकवावा लागतो.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यातून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, मग त्यावर पुढचा थर. असं लाखो वर्षं चाललं. झीज होऊन आज जे उरलंय तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. सह्याद्रीला दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे हेच थर. मुंबईचे खडक या सगळ्या उलथापालथीच्या शेवटाकडचे. इथे लाव्हा वाहिलाच, शिवाय स्फोट होऊन राख आणि दगडांचे तुकडेही उडाले.

मधल्या शांत काळात इथे तळी, खाजणं तयार व्हायची आणि जीवसृष्टी परत यायची. वरळीच्या टेकडीत बेडकांचे जीवाश्म सापडले होते, रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. आपल्या जोगेश्वरीत आंबोलीच्या खाणीतही लाव्हाच्या थरांमध्ये असाच गाळाचा थर मिळाला, त्यात त्या काळच्या झाडांचे परागकण आहेत. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते हा लाव्हा ज्या उष्ण ठिकाणातून आला, ते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. आपली जमीन उत्तरेकडे सरकत आली, आग तिकडेच राहिली. तिथला ज्वालामुखी आजही फुटतो.

याची खूण बघायची तर अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा. सुमारे ६० मीटर उंच, सरळसोट काळे खांब एकमेकांना चिकटून उभे, वर गावदेवीचं देऊळ. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे असे खांब झाले. २००७ साली पालिकेच्या वारसा यादीत ती आली. तोपर्यंत आजूबाजूचा डोंगर खडीसाठी फोडून झाला होता.

दुसरी खूण आपल्या घरातलीच, जोगेश्वरीची लेणी. सहाव्या शतकात कारागिरांनी हा खडक कोरून शंकराचं लेणं घडवलं. राख आणि तुकडे घट्ट होऊन बनलेला असा खडक कोरायला सोपा असतो, पण पाणीही पितो. म्हणूनच आत ओल आहे, शिल्पांचे चेहरे झिजलेत. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला कायद्याने बंदी आहे. लेण्यांच्या डोक्यावर आणि भोवती काय उभं आहे, ते तुम्ही रोज बघता. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. मात्र तिथे राहणारी माणसंही हौसेने लेण्यावर राहायला गेलेली नाहीत. परवडणारं घर दुसरीकडे मिळालं नाही, म्हणून गेली.

आता मूळ मुद्दा. लाव्हाच्या दोन घट्ट थरांमध्ये अनेकदा तांबड्या मातीचा मऊ थर असतो. वरचा खडक कुजून मुरूम होतो. पावसाचं पाणी आत मुरतं, माती जड होते, तिची पकड सुटते. त्यात कोणी पायथा खणला असेल, तर वरचा भाग खाली यायला निमित्तच हवं असतं. १२ जुलै २००० ला घाटकोपरच्या आझाद नगरात टेकडी झोपड्यांवर आली, साठहून जास्त माणसं गेली. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव गाडलं गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नावच नव्हतं, हे दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितलं. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

डोंगरउतारावरच्या वस्त्यांना दर मे-जूनमध्ये नोटिसा येतात, "घर खाली करा." कुठे जायचं, ते नोटिशीत नसतं. पत्रकार म्हणून मी हे प्रश्न पुन्हा पुन्हा लिहितो आणि लिहीत राहणार. संरक्षक भिंतीत पाणी बाहेर जायची भोकं आहेत का? नाले जूनआधी साफ झाले का? पुनर्वसनाची घरं नक्की कुठे आणि कधी मिळणार? आपल्या वॉर्ड ऑफिसात जाऊन हे लेखी विचारा, पोच घ्या.

आणि उतारावर राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. जमिनीला नवी भेग पडली, भिंत फुगली, विजेचा खांब किंवा झाड कललं, झिरपणारं पाणी अचानक गढूळ झालं, तर सकाळची वाट बघू नका. पोरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन आधी बाहेर पडा, मग १९१६ ला फोन करा. सामान नंतर बघू.