पडद्यावरचं अडखळणं

१९३५ साली वॉर्नर ब्रदर्सच्या एका कार्टूनपटात पोर्की पिग नावाचं गुबगुबीत डुक्कर शाळेच्या कार्यक्रमात कविता म्हणायला उभं राहिलं आणि अडखळू लागलं. त्याला आवाज देणारा नट जो डॉगर्टी खरोखरच तोतरं बोलायचा. पोर्की लोकप्रिय झाला, पण डॉगर्टीचं अडखळणं दिग्दर्शकाच्या इशाऱ्यावर सुरू होत नव्हतं आणि थांबतही नव्हतं. ध्वनिमुद्रण लांबायचं, खर्च वाढायचा. १९३७ मध्ये त्याच्या जागी मेल ब्लँक आला. ब्लँक एरवी अस्खलित बोलायचा आणि हवं तिथे, हवं तेवढंच अडखळून दाखवायचा.

तोतरेपणाला माध्यमांनी पुढे जी वागणूक दिली, तिचा नमुना इथेच तयार झाला. अडखळणं हवं होतं, अडखळणारा माणूस मात्र नको होता.

खरं अडखळणं त्या नकलेपेक्षा बरंच वेगळं असतं. अक्षर पुन्हा पुन्हा उमटणं हा त्याचा फक्त ऐकू येणारा भाग. कित्येकदा काहीच ऐकू येत नाही. शब्द डोक्यात तयार असतो, पण जबडा आवळला जातो, श्वास अडतो आणि समोरचा माणूस घाईने वाक्य पुरं करून टाकतो. वर्गात हजेरी चालू असते. आपला नंबर जवळ येतोय हे त्या मुलाला चार-पाच नावं आधीच कळलेलं असतं आणि एकट्या ‘हजर’ या शब्दाने त्याच्या छातीत धडधडायला लागतं. मोठेपणी तो पर्यायी शब्द शोधायला शिकतो. खायची असते मिसळ, पण ‘म’ अडेल या भीतीने तो वडापाव मागतो. स्वतःच्या नावाला मात्र पर्याय नसतो, म्हणून ओळख करून देणं आणि फोन उचलणं हीच सगळ्यांत अवघड कामं होऊन बसतात.

दोष जिभेचा आहे, असं लोक शतकानुशतकं मानत आले. आपल्याकडे जिभेला वेखंड किंवा अक्कलकारा लावायचे. बर्लिनमध्ये १८४१ साली योहान डिफेनबाख या नामांकित शल्यविशारदाने तर तोतरेपणा घालवण्यासाठी जिभेच्या मुळावर शस्त्रक्रिया केल्या, त्याही भूल देण्याची सोय नसलेल्या काळात. आज आपल्याला माहीत आहे की याचा संबंध मेंदूतल्या वाचेच्या जुळणीशी आणि काही अंशी आनुवंशिकतेशी आहे. सुमारे पाच टक्के मुलं लहानपणी कधी ना कधी तोतरं बोलतात. त्यांतली बहुतेक आपोआप सावरतात. मोठ्या माणसांत हे प्रमाण सुमारे एक टक्का उरतं आणि त्यांत पुरुष अधिक असतात.

रेडिओ आला आणि अडखळणाऱ्यांच्या अडचणीत भर पडली. ब्रिटनचा राजपुत्र अल्बर्ट, म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्क, ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनात समारोपाचं भाषण करायला उभा राहिला. तोवर राजघराण्यातला माणूस अडखळला तर ते मंडपापुरतं राहत असे. आता समोर मायक्रोफोन होता. ते भाषण त्याच्यासाठी आणि ऐकणाऱ्यांसाठीही यातना ठरलं.

पुढच्याच वर्षी तो लंडनमधल्या हार्ले स्ट्रीटवरच्या लायनेल लोग या ऑस्ट्रेलियन वाचा-उपचारकाकडे गेला. लोगकडे वैद्यकीय पदवी नव्हती. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांची गेलेली वाचा परत आणता आणता तो हे काम शिकला होता. श्वासाचे व्यायाम आणि रोजचा सराव हा त्याच्या उपचारांचा पाया होता. भाषणाच्या कागदावर तो थांबण्याच्या जागा रेघा मारून दाखवी आणि अडणारे शब्द बदलून देई. १९२७ मध्ये ड्यूकने कॅनबेरातल्या नव्या संसदभवनाचं उद्घाटन केलं, ते भाषण नीट पार पडलं. १९३६ मध्ये थोरल्या भावाने सिंहासन सोडलं आणि अल्बर्ट सहावा जॉर्ज झाला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध जाहीर झालं त्या संध्याकाळी, तो रेडिओवर बोलला तेव्हा लोग त्याच्यासोबत खोलीत होता. त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. त्यात राजा सावकाश, लांब विराम घेत बोलतो. तोतरेपणा गेलेला नव्हता, राजाने त्याच्यासह बोलण्याची रीत शोधली होती.

हीच भाषणं लहानपणी ऐकणाऱ्यांत डेव्हिड साइडलर हा तोतरा मुलगा होता. मोठेपणी पटकथाकार झाल्यावर त्याने राजाच्या विधवा पत्नीकडे या विषयावर लिहिण्याची परवानगी मागितली. आपण हयात असेपर्यंत थांबावं, असं तिने कळवलं आणि तो थांबला. ती २००२ मध्ये वारली. ‘द किंग्ज स्पीच’ २०१० मध्ये आला. वर्षानुवर्षांचे उपचार त्यात थोड्या काळात आवळून दाखवले आहेत, पण मायक्रोफोनसमोर दाटून येणारी भीती अस्सल आहे. ती लिहिणाऱ्याने स्वतः भोगलेली होती. पटकथेसाठी मिळालेलं ऑस्कर साइडलरने जगभरच्या तोतऱ्या माणसांच्या वतीने स्वीकारलं.

आपल्याकडे चित्र उलटं होतं. त्याच २०१० च्या दिवाळीत आलेल्या ‘गोलमाल ३’ मध्ये श्रेयस तळपदेचा लक्ष्मण अडखळला की हशा पिकवायचा, एवढंच त्या तोतरेपणाचं काम होतं. त्याआधी १९९३ च्या ‘डर’मध्ये शाहरुख खानचा माथेफिरू प्रियकर ‘क’वर अडखळला. पुढे कितीतरी वर्षं नकलाकार स्टेजवर तेवढंच करून टाळ्या घेत राहिले आणि शाळेच्या मैदानावर ‘क’ अडणाऱ्या प्रत्येक मुलाला चिडवायला आयता संवाद मिळाला. हिंदी पडद्यावर तोतरा माणूस एकतर विदूषक होता किंवा विकृत.

विशाल भारद्वाजच्या २००९ च्या ‘कमीने’ने वेगळी वाट काढली. शाहिद कपूरचा गुड्डू बोलताना अडतो आणि शब्द फुटेनासा झाला की गाण्याचा आधार घेतो. यातला तपशील खरा आहे, कारण गाताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं. गुड्डू प्रेम करतो, घाबरतो, भांडतो. तोतरेपणा त्याच्या स्वभावाचं स्पष्टीकरण म्हणून वापरलेला नाही.

परदेशात त्याही आधी, ‘अ फिश कॉल्ड वाँडा’ या १९८८ च्या विनोदी चित्रपटात, ब्रिटिश नट मायकल पेलिनने तोतरा केन रंगवला होता. पेलिनचे स्वतःचे वडील आयुष्यभर तोतरं बोलत होते आणि घरात त्याविषयी कधी बोलणं होत नसे. भूमिकेवर टीका झाली. पुढे १९९३ मध्ये लंडनमध्ये तोतऱ्या मुलांसाठी उपचारकेंद्र उघडलं, तेव्हा पेलिनने त्याला आपलं नाव दिलं. तिथे मुलांसोबत आईवडिलांनाही शिकवतात : वाक्य तोडू नका, शब्द पुरवू नका, स्वतः सावकाश बोला. मराठी मालिका लिहिणाऱ्यांनाही या तीन सूचना तशाच्या तशा वापरता येतील. तोतऱ्या पात्राला शिक्षिका करा, वकील करा, सासू करा. तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्या, आणि संकलकाने त्यातला विराम कापू नये.