लिबकर्लची चाचणी यंत्रणा

लिबकर्लची चाचणी यंत्रणा म्हणजे लिबकर्ल या मुक्तस्रोत लायब्ररीत सुचवलेला प्रत्येक बदल तपासणाऱ्या चाचण्या, त्या चालवणारे संगणक आणि या दोहोंची निगा राखण्याची व्यवस्था होय. स्वीडिश प्रोग्रामर डॅनियल स्टेनबर्ग यांनी कर्ल हा प्रोग्राम २० मार्च १९९८ रोजी प्रथम प्रसिद्ध केला. लिबकर्ल ही लायब्ररी २००० साली उपलब्ध झाली. सी भाषेतील ही लायब्ररी अनेक कार्यप्रणालींवर चालते. त्यामुळे एका संगणकावर बरोबर चाललेला बदल दुसरीकडे बिघडू शकतो. म्हणून बदल मूळ कोडमध्ये घेण्यापूर्वी तो निरनिराळ्या संगणकांवर आपोआप तपासला जातो. या पद्धतीस कंटिन्युअस इंटिग्रेशन असे म्हणतात.

चाचण्यांची रचना

प्रत्येक चाचणी ही क्रमांक दिलेली एक मजकूर-फाइल असते. सर्व्हरने कोणते उत्तर द्यावे, कर्लला कोणती आज्ञा द्यावी आणि त्याने सर्व्हरकडे नेमके काय पाठवावे, हे तिच्यात नोंदलेले असते. पर्ल भाषेतील एक प्रोग्राम त्याच संगणकावर चाचणीपुरते सर्व्हर सुरू करतो आणि प्रत्यक्षात पाठवला गेलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहतो. जुनी फाइल समोर ठेवून नवखा योगदानकर्ताही नवी चाचणी लिहू शकतो, ही या रचनेची मोठी सोय आहे.

'टॉर्चर' चाचणी विशेष उल्लेखनीय आहे. प्रोग्रामने मागितलेली मेमरी क्वचित मिळत नाही आणि त्या प्रसंगी चालणारा कोड एरवी कधी तपासलाच जात नाही. ही यंत्रणा एखाद्या चाचणीत मेमरीची मागणी किती वेळा होते ते प्रथम मोजते. मग तीच चाचणी पुन्हा पुन्हा चालवून प्रत्येक वेळी एकेक मागणी मुद्दाम नाकारते. अशा वेळी प्रोग्राम कोसळता कामा नये आणि घेतलेली मेमरी परत केली गेली पाहिजे. मागण्या शेकड्यांनी असल्यास फेऱ्याही तितक्याच होतात. वेळ वाचवण्यासाठी त्यांपैकी यदृच्छेने निवडलेल्या काहीच तपासण्याची सोय ठेवलेली आहे.

अस्थिर चाचण्या

कोडमध्ये काहीही न बदलता कधी उत्तीर्ण, तर कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या चाचणीस अस्थिर म्हणतात. संथ संगणकावर वेळेचे गणित चुकणे हे त्याचे नेहमीचे कारण. अशा चाचण्या वाढल्या की विकासकांना 'पुन्हा चालवा' म्हणण्याची सवय लागते आणि खरा दोषही त्याच सवयीने दुर्लक्षिला जातो. कर्लमध्ये अशा चाचण्यांवर तशी खूण करता येते किंवा त्या बंद यादीत टाकता येतात. बंद करणे सोपे. कारण शोधणे हे मात्र किचकट आणि फारसे श्रेय न मिळणारे काम आहे.

सेवांचे स्थलांतर

चाचण्या बहुतांशी इतरांनी पुरवलेल्या संगणकांवर चालतात. प्रकल्पाने अनेक वर्षे ट्रॅव्हिस सीआय ही सेवा वापरली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने मोफत वापराच्या अटी कडक केल्या आणि जून २०२१ मध्ये प्रकल्पाने ती सोडली. प्रत्येक सेवेची मांडणी निराळी असल्याने असे स्थलांतर म्हणजे बरेचसे पुनर्लेखनच ठरते.

मर्यादा

मार्च २०२० मधील ७.६९.० या आवृत्तीत सॉक्स५ प्रॉक्सीच्या कोडमध्ये एक गंभीर दोष शिरला. होस्टचे नाव २५५ बाइटांहून लांब असल्यास ते प्रॉक्सीकडे न पाठवता त्याचा पत्ता कर्लनेच शोधावा, असे ठरलेले होते. जोडणी संथ असल्यास हा निर्णय मध्येच विसरला जाई आणि लांब नाव अपुऱ्या जागेत लिहिले जाई. साडेतीन वर्षे कोणत्याही चाचणीने हा दोष पकडला नाही. ११ ऑक्टोबर २०२३ रोजी आलेल्या ८.४.० आवृत्तीत तो दुरुस्त झाला आणि दुरुस्तीसोबत अतिलांब होस्टनावाची चाचणीही जोडण्यात आली.