कधीमधी लागणारा जिगसॉ : कमी खर्चात कोणता घ्यावा?

घरात भिंतीवरची फळी बसवायची असते, प्लायवूडला वायरसाठी खाच पाडायची असते किंवा गणपतीच्या मखराची कमान कापायची असते. अशा कामांसाठी दर वेळी सुताराला बोलावणे परवडत नाही आणि हातकरवतीने गोलाई जमत नाही. जिगसॉ इथे उपयोगी पडतो. मात्र दुकानात किंवा ऑनलाइन पाहायला गेले की वॅट, स्ट्रोक, ऑर्बिटल असे शब्द आणि एकाच कामासाठी दुप्पट-तिप्पट फरकाच्या किमती समोर येतात. वर्षातून पाच-दहा वेळा वापरणाऱ्याने नेमके कशाला पैसे द्यावेत आणि कशाला देऊ नयेत, ते या लेखात पाहू.

जिगसॉ म्हणजे काय?

जिगसॉ ही विजेवर चालणारी, हातात धरायची करवत आहे. तिचे अरुंद ब्लेड शिलाई मशीनच्या सुईसारखे वर-खाली होते. हे साम्य योगायोगाने आलेले नाही. स्वित्झर्लंडमधील सिंटिला कंपनीतील अल्बर्ट काउफमान यांनी १९४६ मध्ये शिलाई मशीनला सुईऐवजी करवतीचे पाते लावून पाहिले आणि त्यातून हे यंत्र जन्माला आले. १९४७ मध्ये ते बाजारात आले. पुढे १९५४ मध्ये ही कंपनी बॉशकडे गेली.

ब्लेड अरुंद असल्याने जिगसॉ वळणे, गोल आणि मधल्या खिडक्या सहज कापतो. त्याची मर्यादाही याच कारणाने येते. ब्लेडला फक्त वरून आधार असतो, म्हणून जाड लाकडात त्याचे खालचे टोक वाकते. वरून रेघेवर दिसणारा काप खालून तिरका निघतो. खोक्यावर ‘लाकडात ६५ मिमी’ असे लिहिलेले असले, तरी स्वच्छ आणि सरळ कामासाठी १८-१९ मिमी प्लायवूड किंवा साधारण २५ मिमीपर्यंतची फळी हाच व्यवहार्य पल्ला धरावा. तुमचे काम मुख्यतः लांब, सरळ कापांचे असेल, तर जिगसॉ घेऊच नका. प्लायवूडच्या दुकानातूनच मापाने तुकडे कापून आणणे स्वस्त आणि अचूक पडते.

कशाला पैसे द्यावेत?

१. टी-शँक ब्लेडची पकड. ब्लेडच्या वरच्या टोकाचा आकार इंग्रजी ‘टी’सारखा असतो. आज बहुतेक चांगली ब्लेडे याच प्रकारात मिळतात. फक्त जुन्या यू-शँकची ब्लेडे घेणारे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी टाळावे. पान्याशिवाय ब्लेड बदलता आले तर उत्तम. पण अॅलन कीने बदलावे लागले तरी कधीमधीच्या कामात अडत नाही.

२. वेग कमी-जास्त करण्याची सोय. लाकूड जलद वेगाने कापतात. अॅक्रिलिक मात्र जलद वेगाने वितळून ब्लेडला चिकटते आणि धातूवर ब्लेड तापून बोथट होते. एकाच वेगाचा जिगसॉ फक्त लाकडापुरता राहतो. दर्शक चाकीने वेग ठरवता येत असेल, तर बोटाच्या दाबावर अवलंबून राहावे लागत नाही.

३. मजबूत बूड. यंत्राखालची सपाट पट्टी, म्हणजे बेस प्लेट, लाकडावर टेकून सरकते. ती पातळ पत्र्याची आणि लवचीक असेल, तर काप काटकोनात येत नाही. स्वस्त यंत्रांत सर्वात आधी इथेच कात्री लागते. म्हणून वॅटच्या आकड्यापेक्षा हा भाग अधिक बारकाईने पाहावा.

४. ऑर्बिटल हालचाल. यात ब्लेड वर येताना किंचित पुढेही झेपावते. त्यामुळे काप जलद होतो, पण कड खडबडीत निघते. सहसा ० ते ३ असे चार टप्पे असतात. बारीक काम, तीव्र वळण आणि धातू यांसाठी शून्य ठेवतात. ही सोय असेल तर बरे. पण फक्त १२ मिमीपर्यंतचे प्लायवूड कापणाऱ्याने तिच्यासाठी जास्त खर्च करण्याची गरज नाही.

कशाला पैसे देऊ नयेत?

घरगुती कामाला ४५० ते ६५० वॅट पुरेसे असतात. स्वस्त यंत्रांचा स्ट्रोक, म्हणजे ब्लेडचा वर-खाली प्रवास, १८-२० मिमी असतो, तर व्यावसायिक यंत्रांचा २६ मिमीपर्यंत जातो. फरक मुख्यतः वेगात पडतो आणि तुम्हाला दिवसाला पन्नास फळ्या कापायच्या नाहीत. लेझरच्या रेषेचाही फारसा उपयोग नाही, पेन्सिलची रेघच पुरते.

बॅटरीचा जिगसॉ सोयीचा असतो, पण बॅटरी आणि चार्जर धरून तो महाग पडतो. त्याच कंपनीचे, त्याच व्होल्टचे ड्रिल आधीच घरात असेल, तर बॅटरीविना मिळणारे नुसते यंत्र घेणे शहाणपणाचे. नाहीतर वायरचाच घ्यावा. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेले १२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावू नये. ते जळते.

दुकानात तपासताना

- यंत्र बंद आणि प्लग काढलेला असताना ब्लेड बसवून बाजूला हलवून पाहा. ब्लेडला मागून आधार देणारी रोलर-चाकी त्याला नीट टेकलेली हवी.
- बेस प्लेट शून्य अंशावर आवळून ब्लेडशेजारी छोटा गुण्या धरा. काटकोन येतो का, हे लगेच कळते.
- यंत्र चालू करून हाताला बसणारा थरकाप पाहा. फार थरथरणाऱ्या यंत्राने रेघ धरता येत नाही.
- पक्के बिल, वॉरंटी आणि जवळचे सर्व्हिस सेंटर विचारा. कार्बन ब्रश झिजतात. ते मिळत नसतील तर चांगली मोटरही अडगळीत जाते.

वापरलेला जिगसॉ घ्यायचा असेल, तर याच चार गोष्टी तपासाव्यात. ब्लेडची पकड झिजून सैल झालेली असेल, तर तो घेऊ नये.

खरा फरक ब्लेडचा

यंत्रासोबत आलेल्या एका ब्लेडवर सगळी कामे करू नका. खर्चाचा थोडा भाग चांगल्या ब्लेडसाठी राखून ठेवा. साध्या यंत्रात चांगले ब्लेड घातले, तर महागड्या यंत्रातल्या बोथट ब्लेडपेक्षा काप सरस येतो. बाजारात हे क्रमांक सर्रास चालतात :

- टी १०१ बी : प्लायवूड व लाकडात स्वच्छ काप
- टी १४४ डी : जाड लाकडात जलद, खडबडीत काप
- टी ११९ बीओ : पातळ लाकडात वळणे
- टी १०१ बीआर : उलटे दाते, सनमायका लावलेल्या पृष्ठभागासाठी
- टी ११८ ए : पातळ पत्रा

नेहमीच्या ब्लेडचे दाते वरच्या दिशेने कापतात, म्हणून फळीच्या वरच्या बाजूला चिपा उडतात. यावर सोपा उपाय असा, की दिसणारी बाजू खाली ठेवून मागच्या बाजूने रेघ आखावी. उलट्या दात्यांचे ब्लेड वापरताना यंत्र वर उचलले जाते, तेव्हा ते घट्ट दाबून धरावे लागते.

कापताना

फळी दोन क्लॅम्पने टेबलाला आवळा. सरळ काप हवा असेल, तर शेजारी एक सरळ पट्टी बांधून तिच्या आधाराने यंत्र सरकवा. मधली खिडकी कापायची असेल, तर आधी कोपऱ्यात १० मिमीचे भोक पाडून ब्लेड आत घाला. यंत्र ढकलू नका. ब्लेड कापेल त्या गतीने पुढे जा. जोर लावला की ब्लेड वाकते.

ब्लेड बदलण्याआधी प्लग काढा. फळीखाली बोटे नेऊ नका, कारण ब्लेड तिथे दिसत नाही. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावा, विशेषतः एमडीएफ कापताना, कारण त्याचा भुसा फार बारीक असतो. ओढणी आणि सैल बाह्या आवरून घ्या, आणि वायर कायम मागे ठेवा.

थोडक्यात

कधीमधीच्या कामाला टी-शँक, वेगनियंत्रण आणि न लवणारे बूड असलेला, सर्व्हिस मिळेल अशा कंपनीचा ४५०-६५० वॅटचा वायरवाला जिगसॉ पुरेसा आहे. उरलेल्या पैशांत तीन प्रकारची ब्लेडे आणि दोन क्लॅम्प घ्या. वर्षातून एकदाच गरज पडणार असेल, तर ओळखीच्या सुताराकडून काप करून घेणेच स्वस्त.