उमेदवारीचा हिशेब: शिकण्याचे पैसे कोणी भरायचे?

आजचा भाग ऐकणाऱ्यांमध्ये कॉमर्सवाले बरेच असणार. त्यातले काही जण आत्ता एखाद्या सीएच्या ऑफिसला निघालेले असतील, बसमध्ये किंवा लोकलमध्ये, कानात हेडफोन. तर आज तुमच्याच खुर्चीचा इतिहास. ऑफिसातली ती कोपऱ्यातली खुर्ची, जिच्यावर बसून पोरं-पोरी दिवसभर बिलांवर टिक मारतात. तिथे बसायला कोणाला मिळायचं, आणि मुख्य म्हणजे बसण्याचे पैसे कोण कोणाला द्यायचं, एवढाच प्रश्न घेऊन आपण काही शतकं फिरून येऊ.

सुरुवात एका शब्दापासून करते. इंटर्नशिपला सरकारी मराठीत आंतरवासिता वगैरे शब्द आहेत, पण आपल्या आजोबांच्या पिढीचा शब्द होता उमेदवारी. ‘दोन वर्षं उमेदवारी केली, मग चिकटलो,’ असं जुनी माणसं आजही सांगतात. उमेद हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ आशा. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला माणूस. आज हा शब्द आपल्याला निवडणुकीतच भेटतो, पण इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या कचेऱ्यांमध्ये खरोखरचे उमेदवार बसलेले असायचे. बिनपगारी. कागदांच्या नकला काढायच्या, दप्तरं बांधायची, कारकुनाच्या हाताखाली पडेल ते काम करायचं आणि जागा कधी रिकामी होते याची वाट बघायची. पगार किती? तर उमेद.

म्हणजे ‘स्टायपेंड नाही, पण अनुभव मिळेल’ हे वाक्य काही आजच्या स्टार्टअपवाल्यांनी शोधलेलं नाही.

वडिलांकडून मुलाकडे

त्याच्याही मागे जाऊ. टॅली यायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे हिशेबाची पक्की भाषा होती. रोजच्या व्यवहारांची नोंद ती रोजकीर्द किंवा नुसती कीर्द, खात्यांप्रमाणे लावली की खतावणी, सगळ्याची गोळाबेरीज ती तेरीज आणि शेवटी ताळेबंद. यातले काही शब्द अकरावीच्या पुस्तकात तुम्ही पाठ केलेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशा रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. सगळं मोडी लिपीत.

हे काम शिकायचं कुठे? कॉलेज नव्हतं, परीक्षा नव्हती. गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे आणि कुलकर्णीपण हे वतन. वडिलांच्या शेजारी बसून मुलगा मोडी गिरवायचा, आकडेमोड शिकायचा, आणि पुढे तेच दप्तर त्याच्याकडे यायचं. फी एक पैसा नाही. पण त्या घरात जन्म झाला नसेल, तर शिकायला मिळणं जवळजवळ अशक्य.

आणि ज्याला हिशेब वाचता येत नाही त्याचं काय होतं? सारा किती लागला, भरला किती, उरला किती, हे सगळं दुसऱ्याच्या लेखणीवर. जोतीराव फुल्यांनी एकोणिसाव्या शतकात भटकारकुनांवर आणि कुलकर्ण्यांवर जी कडक टीका केली, तिच्यात हा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो: शेतकऱ्याला अक्षर येत नाही, म्हणून त्याला फसवणं सोपं जातं. हिशेब शिकायला कोणाला मिळतं, हा प्रश्न आपल्याकडे नुसता करिअरचा कधीच नव्हता. कुलकर्णी वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५० साल उजाडलं.

शिकायचंय? मग आधी पैसे मोजा

आता जरा बोटीत बसून विलायतेला जाऊ, कारण आजच्या आर्टिकलशिपचा साचा तिथून आला. चार्टर्ड अकाउंटंट या नावातला चार्टर म्हणजे राजसनद. १८५४ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या हिशेबनिसांच्या संस्थेला ही सनद मिळाली. इंग्लंड आणि वेल्सच्या संस्थेला ती मिळाली १८८० मध्ये.

या संस्थांमध्ये शिरायचं तर आधी एखाद्या सीएकडे आर्टिकल्ड क्लार्क व्हावं लागे. आर्टिकल्स म्हणजे करारनाम्यातली कलमं. मुलगा, त्याचे वडील आणि मालक यांच्यात करार व्हायचा, साधारण पाच वर्षांचा. मालक धंदा शिकवणार, मुलगा इमानेइतबारे काम करणार.

यातली गंमत ऐका. पैसे मुलगा घेत नसे, मुलाचे वडील मालकाला देत! त्याला प्रीमियम म्हणत. नावाजलेल्या ऑफिसात तो शंभर गिनी आणि त्याहूनही बराच जास्त असायचा. त्या काळच्या इंग्रज मजुराच्या वर्षभराच्या कमाईपेक्षाही ही रक्कम मोठी. वर पाच वर्षं पगार नाही किंवा अगदी नावापुरता. म्हणजे आपल्याकडे दार जन्माने बंद होतं, तिकडे पैशाने. परीक्षेत हुशारी दाखवायची संधी त्यानंतर.

मुंबईत काय घडलं

हिंदुस्थानात १९१३ चा कंपनी कायदा आला आणि कंपन्यांचं ऑडिट कोणी करायचं यावर सरकारी शिक्का आला. ऑडिटरला प्रांतिक सरकारचं प्रमाणपत्र लागणार. ज्यांच्याकडे विलायती पदवी, त्यांना अडचण नव्हती. पण त्यासाठी समुद्रापार जाऊन काही वर्षं राहायचं, म्हणजे पुन्हा पैसेवाल्या घरांचंच काम.

त्याच १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं, कॉमर्स शिकवणारं. मग १९१८ मध्ये मुंबई सरकारने एक परीक्षा काढली, गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, थोडक्यात जी. डी. ए. हा डिप्लोमा मिळवायचा आणि मान्यताप्राप्त हिशेबनिसाकडे तीन वर्षं आर्टिकलशिप करायची. एवढं केलं की ब्रिटिश हिंदुस्थानात कुठेही ऑडिट करायची मुभा. बोटीचं तिकीट वाचलं! हिशेबाच्या धंद्याचं एक दार पहिल्यांदाच इथल्या मातीत, इथल्या परीक्षेने उघडलं.

त्या दारातून कोण आलं याचं एक उदाहरण माझं फार आवडतं. मद्रासच्या आर. शिवभोगम. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात जाऊन आलेल्या. १९३३ मध्ये त्यांनी हाच जी. डी. ए. मिळवला आणि हिंदुस्थानातली पहिली महिला हिशेबनीस म्हणून त्यांचं नाव लागलं. पण नियम आडवा आला: तुरुंगवास झालेल्याला नोंदणी नाही. त्या कोर्टात गेल्या, जिंकल्या, आणि पुढे स्वतःच्या नावाने प्रॅक्टिस केली. डिप्लोमा हातात असूनही दारावरच्या माणसाशी भांडावं लागतं, ते असं.

१९३२ च्या नियमांनी देशभरासाठी ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ हे नाव आणलं, १९४३ मध्ये जी. डी. ए. बंद झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा आला आणि १ जुलै १९४९ ला आपली सीएंची संस्था उभी राहिली. १ जुलैला सीए डेचे स्टेटस पडतात ते यामुळेच. आर्टिकलशिप कायम राहिली, पण पैशाची दिशा उलटली. आज मालकाने, म्हणजे प्रिन्सिपलने, आर्टिकलला किमान विद्यावेतन द्यायचं असा नियम आहे. शहराची लोकसंख्या आणि ट्रेनिंगचं वर्ष यावर रक्कम ठरते. २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ट्रेनिंग तीनऐवजी दोन वर्षांचं झालंय.

मग प्रश्न सुटला का?

इथे माझा स्वतःचा हिशेब सांगते. मी बी.कॉम.ला पुण्यात होते आणि दुसऱ्या वर्षानंतर एका छोट्या ऑफिसात दोन महिने इंटर्नशिप केली. ही आर्टिकलशिप नव्हे, साधी कॉलेजची इंटर्नशिप.

काम आवडलं, हे आधी सांगते. एका सीनियर आर्टिकलने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘आधी बिलावरचं नाव वाच, मग तारीख, मग सही. आकडा सगळ्यात शेवटी.’ तिसऱ्या आठवड्यात एका व्यापाऱ्याच्या मार्चच्या खरेदीत चौऱ्याऐंशी हजारांचं बिल दिसलं. आकडा बरोबर, नाव बरोबर, तारीख २ एप्रिल. माल एप्रिलमध्ये आलेला, म्हणजे ३१ मार्चच्या स्टॉकमध्ये तो नाहीच. खर्च मात्र या वर्षात, म्हणून नफा तेवढा कमी दिसत होता. दोन दिवसांचा फरक, पण वर्ष बदलतं. पुस्तकात हे धडाभर वाचलं होतं, डोक्यात त्या एका कागदाने बसलं. उमेदवारीला पर्याय नाही, तो यामुळेच.

आता दुसरी बाजू. ऑफिस महिन्याला तीन हजार द्यायचं. माझा खर्च: कॉट बेसिसचे साडेपाच हजार, मेसचे तीन हजार, बसचा पास वेगळा. वरचे पैसे बाबा सोलापूरहून पाठवायचे. नीट बघा, हा प्रीमियमच झाला की! फक्त तो मालकाच्या हातात न जाता घरमालकिणीच्या आणि मेसवाल्या काकूंच्या हातात गेला.

माझ्या रूममेटलाही त्याच ऑफिसात बोलावलं होतं. टॅलीत ती माझ्यापेक्षा वेगवान. तिने दोन दिवस विचार केला आणि एका दुकानात बिलिंगला लागली, कारण तिथे दहा हजार मिळत होते आणि तिला घरी पैसे पाठवायचे होते. तिला कोणी ‘नाही’ म्हटलं नाही. तिची जात कोणी विचारली नाही, गिनी मागितल्या नाहीत. तरी ती खुर्ची तिला परवडली नाही.

मला या सगळ्या इतिहासातून एवढंच दिसतं: शिकण्याचा खर्च कधीच नाहीसा होत नाही, तो फक्त कोणाच्या तरी खात्यावर टाकला जातो. कधी जन्माच्या, कधी वडिलांच्या, कधी बोटीच्या तिकिटाच्या, आज घरभाड्याच्या. आणि ज्याच्या खात्यात तेवढी शिल्लक नाही, तो परीक्षेच्या आधीच गळतो. पेपरफुटीवर आपण ओरडतो, या गळतीची मात्र कुठे नोंदही होत नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. त्या जुन्या इंग्रजी करारात एक चांगली बाब होती, आणि ती आजच्या आर्टिकलशिपच्या स्टॅम्पपेपरवरही टिकून आहे: शिकवणं ही मालकाची लेखी जबाबदारी. कॉलेजच्या इंटर्नशिपमध्ये बहुतेकदा असा कागदच नसतो. शेवटी एक सर्टिफिकेट मिळतं, बस. आता नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट्स आहेत, म्हणजे लाखो मुलं या खुर्च्यांवर बसणार. तेव्हा जॉइन होण्याआधी दोन प्रश्न नक्की विचारा, आणि उत्तर मेलवर मागा. मला काय शिकवणार? आणि महिन्याला किती देणार? यात लाजायचं काही नाही. हिशेब शिकायलाच तर निघालोय आपण, पहिली नोंद स्वतःची करू.

तुमच्या उमेदवारीचा खर्च कोणी उचलला, ते मला व्हॉइस नोटने नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात, तोवर काळजी घ्या!