मुंबई बंदरात उतरलेले दोन अमेरिकन

११ फेब्रुवारी १८१३ रोजी ‘कॉमर्स’ नावाचे जहाज कलकत्त्याहून मुंबईस पोहोचले. त्यातून गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन धर्मोपदेशक आणि नॉट यांच्या पत्नी रॉक्साना उतरल्या. आप्त नाही, परवाना नाही, मराठीचा एक शब्दही येत नाही, अशी त्यांची स्थिती होती. पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचा आरंभ असा झाला.

सुमारे वर्षापूर्वी, ६ फेब्रुवारी १८१२ रोजी, सेलम येथे त्यांना दीक्षा मिळाली होती. ऑगस्टमध्ये ते कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना ताबडतोब परत जाण्यास फर्माविले. धर्मप्रचारामुळे प्रजेत क्षोभ होईल, ही कंपनीची जुनी धास्ती होती. त्यातच जूनमध्ये अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले होते. त्यामुळे हे प्रवासी नकोसे पाहुणे तर होतेच, शिवाय शत्रुराष्ट्राचे नागरिकही ठरले. बरोबरीच्या मंडळींची तर पांगापांग झाली. जडसन व राइस यांनी कलकत्त्यातच बाप्टिस्ट पंथ स्वीकारला. न्यूएल पतिपत्नी मॉरिशसकडे गेली आणि तेथे हॅरिएट न्यूएल वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी निवर्तल्या.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे स्वभावाने सौम्य व मिशनकार्याविषयी सहानुभूती बाळगणारे. त्यांनी पाहुण्यांना सौजन्याने वागविले. परंतु त्यांना इंग्लंडला रवाना करावे असा वरिष्ठांचा हुकूम कलकत्त्याहून आला, तेव्हा त्यांचाही नाइलाज झाला. मुंबईतले हे पहिले वर्ष अर्ज, विनंत्या व प्रतीक्षा यांतच सरले. नोव्हेंबर १८१३ मध्ये हॉल व नॉट एका देशी गलबतातून गुपचूप दक्षिणेकडे निघाले. सिलोन गाठण्याचा त्यांचा बेत होता. रॉक्साना मुंबईतच मागे राहिल्या. कोचीनला दोघेही अडविले गेले व त्यांची पुन्हा मुंबईस रवानगी झाली.

हे पलायन निर्दोष होते असे म्हणणे कठीण आहे. ज्या गव्हर्नरने त्यांच्यासाठी आपली पत पणास लावली, त्यालाच त्यांनी अडचणीत टाकले आणि नेपियन यांना ते झोंबलेही. आपल्या बचावात दोघांनी लिहिले की, मनुष्याच्या आज्ञेहून ईश्वराची आज्ञा मोठी. हॉल यांच्या अखेरच्या पत्राची भाषा अशी आर्जवी व तितकीच निर्भीड होती की नेपियन विचारात पडले. डिसेंबरात जहाजाची तयारी झाली होती. इतक्यात हद्दपारी थांबली आणि पुढे राहण्याची मोकळीकही मिळाली. त्याच वर्षी विलायतेच्या पार्लमेंटने कंपनीच्या नव्या सनदेत मिशनऱ्यांना वाट करून दिली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

मग खरे काम सुरू झाले, ते म्हणजे भाषेचे. गुजराती, हिंदुस्थानी, पोर्तुगीज असा मुंबईचा बहुभाषी कोलाहल होता. त्यात या मंडळींनी मराठी निवडली. त्यापूर्वी श्रीरामपूरच्या विल्यम कॅरे यांनी नागपूरचे पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मोडी लिपीतील कोश छापला होता. त्या ग्रंथांच्या मराठीत पूर्वेकडचा रंग उतरला, असे अभ्यासक मानतात. पैनगंगेच्या दक्षिण तीरावर राहून वऱ्हाडी व नागपुरी बोलींशी नित्य व्यवहार करणाऱ्या आदिलाबादच्या वाचकास या योगायोगाचे कौतुक वाटावे. मुंबईतल्या नवागतांना मात्र कानावर पडणारी भाषा निराळीच भासली असेल. त्यांनी पंडित ठेवले, बाजारात जाऊन लोकांशी बोलणे आरंभिले आणि १८१५ च्या सुमारास मराठीत उपदेश करू लागले. त्याच वर्षी पहिली मोफत शाळा निघाली. शिक्षक हिंदूच होते! परधर्मीयांच्या शाळेत मुले पाठविण्यास पालक तयार झाले, याचे एक कारण तेच असावे. हिंदू धर्मासंबंधी या उपदेशकांची मते कठोर होती, आज वाचताना ती खटकतात. पण पाटी आणि पुस्तक हाती पडते आहे, हे पालकांनी ओळखले असावे.

नॉट प्रकृतीच्या कारणास्तव १८१५ मध्येच परतले. हॉल राहिले. छपाईचे काम जाणणारे बार्डवेल १८१६ मध्ये येऊन मिळाले आणि १० मार्च १८१७ रोजी आठ पानांची पहिली मराठी पुस्तिका, पंधराशे प्रतींची, छापण्यास आरंभ झाला. याच छापखान्याचे काम पाहून गणपत कृष्णाजी यांना मुद्रणाची ओढ लागली आणि १८३१ मध्ये त्यांनी मराठी पंचांग छापले. धर्मप्रसारासाठी आलेल्या यंत्राची विद्या अशी तिथी-नक्षत्रांच्या कामी लागली.

मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिक व त्र्यंबककडे दौऱ्यावर होते. तिकडे पटकीची साथ होती आणि जवळची औषधे त्यांनी रुग्णांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर धोडापूर गावी त्यांना स्वतःलाच त्या रोगाने गाठले. २० मार्च रोजी तेथील देवळाच्या आवारात त्यांचा अंत झाला. वय एक्केचाळीस. मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला.